ज्या शाळेतून भाषा हाकलली, त्याच शाळेत ती परत कशी आली? हवाईची गोष्ट

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांचे इयरफोन नेहमी हरवलेले असतात, त्यांच्यासाठी एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)



आजची गोष्ट अंतराळातून सुरू करूया. मे २०२५ मध्ये चीनने तिआनवेन-२ नावाचं एक यान सोडलं. ते एका लघुग्रहाकडे निघालंय. हा दगड पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरतो, म्हणजे जवळजवळ आपल्या चंद्राचा लांबचा चुलतभाऊच म्हणा. तर तिआनवेन-२ तिथे जाऊन त्याचे नमुने घेऊन परत येणार आहे. या लघुग्रहाचं नाव आहे कामोओआलेवा.

चीनचं यान, मग हे नाव कुठलं? तर हे नाव हवाई भाषेतलं आहे. आकाशात झुलणारा तुकडा, असा काहीसा त्याचा अर्थ. आणि गंमत म्हणजे हे नाव ठरवण्यात हवाई माध्यमाच्या शाळांमधल्या पोरांचा हात आहे. २०१८ मध्ये काही विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, भाषेचे जाणकार आणि खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसले, दोन लघुग्रहांसाठी नावं तयार केली, आणि जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती मान्य केली.

आता ही दुसरी माहिती ऐका. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई भाषा सहज बोलू शकणारी अठरा वर्षांखालची मुलं किती होती माहितीये? साधारण पन्नास. त्याहूनही कमी, असंच सांगितलं जातं. एका एसटीत मावतील एवढी.

एका एसटीपासून लघुग्रहापर्यंत हा प्रवास कसा झाला, आणि त्यात सरकारी शाळेने आधी व्हिलनचं आणि मग हिरोचं काम कसं केलं, हा आजचा विषय. शेवटी थोडं आपल्याकडचंही बोलणार आहे. एक गोष्ट मला कबूलही करायची आहे. पण ती शेवटी.

आधी थोडा नकाशा

हवाई म्हणजे हवाई जहाजातलं हवाई नव्हे, हे आधीच सांगते, कारण लहानपणी मला तसंच वाटायचं. प्रशांत महासागराच्या मधोमध असलेली ही बेटं. आज अमेरिकेचं राज्य, पन्नासावं. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून समुद्रात साडेतीन-चार हजार किलोमीटर लांब. इथल्या मूळ लोकांची भाषा म्हणजे ओलेलो हवाई. ती न्यूझीलंडच्या माओरी भाषेची आणि ताहितीच्या भाषेची बहीण. तिच्यात पाण्याला म्हणतात 'वाई'. आपल्या साताऱ्याच्या वाईशी काही संबंध नाही, योगायोग आहे. पण हा शब्द लक्षात ठेवा. वाईकीकी हा जगप्रसिद्ध समुद्रकिनारा आहे ना, त्यातही तोच वाई आहे. आणि 'वाईवाई' म्हणजे काय? संपत्ती. पाणी हा शब्द दोनदा म्हटला की संपत्ती. ज्या लोकांची शेती डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर चालायची, त्यांच्या भाषेत असं असणं साहजिकच आहे.

१७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक तिथे पोचला. त्याच्या मागून जहाजं आली, जहाजांबरोबर रोग आले. गोवर, देवी, असे रोग जे त्या बेटांवर कधी नव्हतेच. माणसं मरत गेली. शंभरेक वर्षांनी, १८९६ च्या जनगणनेत, मूळ हवाईयन आणि अंशतः हवाईयन मिळून फक्त चाळीस हजारांच्या आसपास लोक उरले होते.

बॉस्टनहून निघालेली दोन जहाजं

१८२० मध्ये हवाईत अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांना पाठवणारी संस्था बॉस्टनची होती. आता इथे आपला धागा जुळतो. हीच संस्था त्याआधी, १८१३ मध्ये, मुंबईत आली होती! अमेरिकन मराठी मिशन म्हणतात ते हेच. नगरहून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केलं, ते याच लोकांनी. म्हणजे एकाच कार्यालयातून एक टपाल नगरला जात होतं आणि एक होनोलुलूला.

दोन्हीकडे त्यांनी तेच केलं. लोकांची भाषा शिकले, छापखाना लावला. हवाईत १८२२ मध्ये पहिलं पान छापलं गेलं. भाषेला आधी लिपी नव्हती, तर रोमन अक्षरांतून लेखनपद्धती बसवली. फक्त बारा अक्षरं, पाच स्वर आणि सात व्यंजनं. धर्मप्रसार हा हेतू होताच, तो लपवण्यासारखा नव्हता. पण पुढे जे झालं ते मिशनऱ्यांच्या अपेक्षेपलीकडचं होतं. लोकांनी वाचन अक्षरशः उचलून धरलं. राजघराणं शिकलं, प्रमुख शिकले, म्हातारे शिकले. काही दशकांतच हवाई जगातल्या सर्वात साक्षर देशांपैकी एक झाला होता. हो, देश. तेव्हा ते स्वतंत्र राज्य होतं, स्वतःचा राजा, स्वतःची राज्यघटना असलेलं.

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, माउई बेटावरच्या लाहाइनालुना शाळेत हवाई भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं, 'का लामा हवाई'. तिथून १९४८ पर्यंत हवाई भाषेत शंभराहून जास्त वर्तमानपत्रं निघाली. एकूण पानं सव्वा लाखाच्या आसपास. त्यात बातम्या होत्या, वंशावळी होत्या, शोकगीतं होती, दंतकथा होत्या, एकमेकांशी कचाकचा भांडणारी वाचकांची पत्रं होती. हा खजिना पुढे फार कामाला येणार आहे.

आणि शाळा? १८४० मध्ये राजा तिसरा कामेहामेहा याच्या काळात सरकारी शाळांची व्यवस्था सुरू झाली. त्या शाळांचं माध्यम होतं हवाई. म्हणजे हवाईची सरकारी शाळा जन्मली तीच हवाई भाषेत. हे विसरू नका, कारण पुढे लोकांना वाटायला लागलं की या भाषेत शाळा चालूच शकत नाही.

इंग्रजी कशी शिरली

इथे मला जरा थांबायचंय. कारण ही गोष्ट सहसा अशी सांगितली जाते की गोरे आले, कायदा केला, भाषा मेली. एवढं सरळ नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच इंग्रजी शाळा निघायला लागल्या होत्या. व्यापार इंग्रजीत, जहाजं इंग्रजीत, ऊसमळ्यांचे मालक इंग्रजी बोलणारे. खुद्द राजघराण्यातली मुलं इंग्रजी शिकत होती. हवाई माध्यमाच्या शाळांचे शिक्षक कमी पगारावर, इमारती साध्या. इंग्रजी शाळांना जास्त पैसा. मग पालक काय करणार? ज्याला जमेल तो पोराला इंग्रजी शाळेत घालू लागला. हे ऐकताना तुम्हाला तुमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि शेजारची पिवळी स्कूलबस आठवली असेल, तर तो दोष माझा नाही.

म्हणजे १८९० पर्यंत हवाई माध्यमाच्या शाळा आधीच रोडावल्या होत्या. पण तोवर एक गोष्ट शाबूत होती. मुलं इंग्रजी शिकत होती, तरी घरात, बाजारात, वर्तमानपत्रात, न्यायालयात हवाई होती. देश आपला होता.

तो गेला १७ जानेवारी १८९३ ला. राणी लिलिउओकलानी गादीवर होती. मुख्यतः अमेरिकन वंशाचे व्यापारी आणि मळेवाले यांच्या गटाने तिला पदच्युत केलं. बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन युद्धनौकेवरून सैनिक किनाऱ्यावर उतरवले होते. १८९४ मध्ये या गटाने आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. आणि १८९६ मध्ये या सरकारने कायदा केला, कायदा क्रमांक ५७. त्याचं कलम ३० असं सांगतं की सगळ्या सरकारी आणि खासगी शाळांत शिकवण्याचं माध्यम आणि पाया इंग्रजी असेल. जी शाळा हे पाळणार नाही तिला मान्यताच नाही.

नीट बघा हं. हवाई बोलायला बंदी, असं एक अक्षर कायद्यात नाही. घरात बोला, चर्चमध्ये बोला. पण शाळेत नाही. आणि एकदा कायद्याने सांगितलं की शाळेत ही भाषा चालत नाही, की पुढचं काम शिक्षकांनी आणि शरमेने केलं. त्या पिढीतल्या अनेकांनी म्हातारपणी सांगितलंय की शाळेत हवाई शब्द तोंडातून गेला तर छडी बसायची, कोपऱ्यात उभं करायचे. घरी येऊन आईवडिलांना बजावायचे, मुलाशी हवाईत बोलू नका म्हणून. आणि आईवडिलांनी ऐकलं. वाईटपणाने नाही, पोराचं भलं व्हावं म्हणून. आजी-आजोबा एकमेकांत हवाईत बोलायचे आणि नातू खोलीत आला की इंग्रजीवर यायचे.

लोक गप्प बसले होते का? नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत विलीनीकरणाच्या विरोधात अर्ज फिरला. त्यावर एकवीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. चाळीस हजार लोकांतून एकवीस हजार! म्हणजे सही करू शकणारा जवळजवळ प्रत्येकजण. तरी १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं घेतलीच.

त्यानंतरची सत्तर वर्षं मी भराभर सांगते. ऊसमळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्सहून मजूर आले. सगळ्यांच्या मुलांनी मिळून एक वेगळीच बोली तयार केली, तिला पिजिन म्हणतात. हवाई भाषेची वर्तमानपत्रं एकेक करून बंद पडली. १९५९ मध्ये हवाई राज्य झालं, विमानं भरभरून पर्यटक आले. 'अलोहा' हा शब्द टीशर्टवर आला आणि घरातून गेला. फक्त निइहाउ नावाच्या एका छोट्या बेटावर, जे १८६४ पासून एका कुटुंबाच्या खासगी मालकीचं आहे आणि जिथे बाहेरच्यांना सहज जाता येत नाही, तिथे मुलं अजूनही हवाई बोलत मोठी होत होती.

एक रेडिओ शो

पॉडकास्ट करणारी म्हणून हा भाग माझा सगळ्यात आवडता.

१९७२. होनोलुलूच्या एका रेडिओ स्टेशनवर एक कार्यक्रम सुरू झाला, 'का लेओ हवाई', म्हणजे हवाईचा आवाज. घेणारा तरुण होता लॅरी किमुरा. वडील जपानी वंशाचे, आई हवाईयन. त्याच्या लक्षात आलं होतं की जन्मापासून ही भाषा बोलणारी शेवटची पिढी आता म्हातारी झालीये. म्हणून तो त्यांना स्टुडिओत बोलवायचा. तुमचं गाव कुठलं, मासे कसे पकडायचात, वाऱ्याला काय नावं होती, लग्नं कशी व्हायची, असं विचारत बसायचा. सगळं हवाईत. श्रोते फोन करायचे, तेही हवाईत. हा कार्यक्रम बरीच वर्षं चालला आणि शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं साठली.

त्या वेळी त्याचा उपयोग काय होता? व्यवहारात बघितलं तर शून्य. पण आज हवाई शिकणारी मुलं उच्चार ऐकतात, वाक्यं कशी वळतात ते ऐकतात, ते याच आवाजांतून. ती सगळी ध्वनिमुद्रणं आता डिजिटल करून हवाई विद्यापीठाच्या हिलो केंद्राने लोकांसाठी खुली केली आहेत.

तो सगळा काळच तसा होता. १९७६ मध्ये होकुलेआ नावाची जुन्या पद्धतीची दुहेरी होडी कुठलंही आधुनिक उपकरण न वापरता, तारे आणि लाटा बघत ताहितीपर्यंत गेली. तरुण पोरं हुला शिकू लागली, तेही पर्यटकांसमोरचं नाही, खरं. आणि हुला करताना त्यांना कळलं की आपण ज्यावर नाचतोय त्या शब्दांचा अर्थच आपल्याला माहीत नाही.

घटनेतल्या दोन ओळी

१९७८ मध्ये हवाई राज्याची घटना दुरुस्त करायला अधिवेशन भरलं. त्यात दोन गोष्टी आल्या. एक, इंग्रजीबरोबर हवाई ही राज्याची अधिकृत भाषा. दोन, राज्याने हवाई संस्कृती, इतिहास आणि भाषेच्या अभ्यासाला चालना द्यायची आणि सरकारी शाळांत हवाई शिक्षणाचा कार्यक्रम चालवायचा. त्यात आणखी एक छोटीशी पण फार शहाणी सूचना होती. या कामात समाजातल्या जाणकारांना वापरा.

त्यातून आली कुपुना योजना. कुपुना म्हणजे आजी-आजोबा, वडीलधारे. १९८० पासून सरकारी प्राथमिक शाळांमध्ये हे कुपुना वर्गात यायला लागले. बीएड-डीएड काही नाही. येतात, गाणं शिकवतात, पानांची माळ ओवायला शिकवतात, रंगांची नावं, माशांची नावं, गोष्टी सांगतात. ज्या शाळेत लहानपणी छडी खाल्ली, तशाच शाळेत मानाने खुर्चीवर बसून हवाई बोलायचं. त्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल, विचार करा.

पण एक खरं सांगायला पाहिजे. आठवड्यातून एखाद्या तासाने भाषा येत नाही. संस्कृतीची ओळख होते, आदर वाटतो, शे-दोनशे शब्द येतात. मूल 'नमस्कार' म्हणायला शिकतं, पण 'आई, मला आज शाळेत जायचं नाही, पोट दुखतंय' हे खोटं त्या भाषेत बोलू शकत नाही. आणि ज्या भाषेत मुलाला खोटं बोलता येत नाही, ती त्याची भाषा झाली असं मला तरी वाटत नाही.

आवाजांचं घरटं

इथे न्यूझीलंडहून हवा आली. १९८२ मध्ये माओरी लोकांनी कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं, नावाच्या बालवाड्या सुरू केल्या. कल्पना सोपी होती. आई-बाबांना भाषा येत नाही, आजीला येते. मग मूल थेट आजीच्या हवाली करा, आणि त्या खोलीत दुसरी भाषाच नको.

१९८३ मध्ये हवाईत लॅरी किमुरा, पिला विल्सन, काउआनोए कामाना आणि आणखी काही शिक्षकांनी मिळून संस्था काढली, आहा पुनाना लेओ. पुनाना लेओ म्हणजे आवाजांचं घरटं. विल्सन आणि कामाना हे नवराबायको. दोघांनाही ही भाषा मोठेपणी शिकावी लागली होती आणि त्यांनी ठरवलं होतं की आपल्या मुलांशी घरात फक्त हवाईतच बोलायचं. पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा गावात सुरू झाली, कारण तिथे निइहाउहून आलेली कुटुंबं राहत होती. मग हिलो आणि होनोलुलू.

आणि लगेच अडचण. बालवाडीत शिकवणाऱ्या माणसाकडे पात्रतेची कागदपत्रं हवीत, असा नियम. आता जन्मापासून हवाई बोलणाऱ्या निइहाउच्या आजीकडे बालशिक्षणाची पदवी कुठून असणार? दुसरी अडचण त्याहून मोठी. मुलं पाच वर्षांची झाली, आता पहिलीत जाणार. आणि शाळेचं माध्यम इंग्रजीच असलं पाहिजे हा १८९६ चा नियम अजून कायद्याच्या पुस्तकात बसलेला! घटना म्हणते हवाई अधिकृत भाषा आहे. कायदा म्हणतो तिच्यात शिकवायचं नाही.

पालक विधिमंडळात गेले. पहिल्यांदा जमलं नाही, पुन्हा गेले. चार-पाच वर्षांच्या पोरांना बरोबर घेऊन. आमदारांनी पहिल्यांदाच लहान मुलांच्या तोंडून ही भाषा ऐकली. १९८६ मध्ये दोन्ही अडथळे निघाले. जवळपास नव्वद वर्षांनी.

१९८७ मध्ये दोन सरकारी शाळांत, ओआहू बेटावर वाइआउ आणि हिलोजवळ केआउकाहा इथे, हवाई माध्यमाचा वर्ग सुरू झाला. एकेक वर्ग, प्रयोग म्हणून.

पुस्तकं? नव्हती. पालक आणि शिक्षक संध्याकाळी बसायचे. इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातल्या प्रत्येक पानावर हवाई मजकूर टाइप करून, कापून, डिंकाने चिकटवायचा. चित्र तेच, खाली शब्द नवे. शब्द? तेही कमी पडायचे. मग नवीन शब्द घडवणारी समिती बसली. कॉम्प्युटरला म्हणतात 'लोलोउइला'. लोलो म्हणजे मेंदू, उइला म्हणजे वीज. विजेवरचा मेंदू! असे शब्द सुरुवातीला हसण्यावारी नेले जातातच. आपल्याकडे 'महापौर' आणि 'संगणक' हेही कुणीतरी एके दिवशी घडवलेच होते ना?

आणि लोकांचा प्रश्न ठरलेला. या पोरांना इंग्रजी येणार का? पुढे नोकरी मिळणार का? त्यावर या शाळांनी पद्धत ठेवली की पाचवीपर्यंत सगळं हवाईत, आणि इंग्रजी हा विषय पाचवीपासून. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला इंग्रजी टाळता येणं अशक्यच आहे. ती टीव्हीतून येते, दुकानातून येते, हवेतून येते. शाळेने तिची काळजी करायची गरज कमी. शाळेने काळजी करायची ती हवेतून न येणाऱ्या भाषेची.

दरवर्षी एक इयत्ता वाढत गेली. १९९९ मध्ये पहिली तुकडी बारावी करून बाहेर पडली. शतकभरानंतर पहिल्यांदाच हवाई भाषेतून शिकलेली मुलं.

सगळं छान झालं का?

नाही हो. मी तुम्हाला गोड शेवट विकणार नाही.

आज हवाई माध्यमाचे वर्ग वीसहून जास्त ठिकाणी चालतात. पण शिक्षक मिळत नाहीत, हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं आहे. परीक्षा तर कित्येक वर्षं इंग्रजी प्रश्नपत्रिकांची भाषांतरं करून घ्यायचे, आणि मग मुलं मागे पडली म्हणायचे. हवाईतच विचार करून बनवलेली परीक्षा यायला २०१० चं दशक उजाडलं. निइहाउची जुनी माणसं म्हणतात की विद्यापीठात तयार झालेली हवाई जरा पुस्तकी वाटते. आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर मुलं आपसात इंग्रजी बोलतात, हेही आहेच.

पण घटनेतल्या त्या दोन ओळी वाया गेल्या नाहीत. लानाई नावाच्या छोट्या बेटावरच्या शाळेत हवाई माध्यमाचा शिक्षकच नव्हता. एका आईने आपल्या मुलींसाठी राज्यावर खटला भरला. २०१९ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवाई माध्यमाचं शिक्षण मिळावं यासाठी योग्य ते सर्व प्रयत्न करणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. शिक्षक मिळत नाही, एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

त्याच वर्षी कृष्णविवराचा पहिला फोटो आला होता, आठवतो? तो नारिंगी मेदूवडा, सगळ्यांच्या स्टेटसला होता. त्या कृष्णविवराला 'पोवेही' हे हवाई नाव सुचवणारा माणूस कोण? लॅरी किमुरा. तोच, रेडिओवाला.

आता आपल्याकडचं

सुरुवातीला म्हटलं होतं, एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझे बाबा शिक्षक. माझं तिसरी-चौथीचं शिक्षण मेळघाटातल्या एका गावात झालं. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कोरकू. कोरकू ही मराठीची बोली नाही बरं का. तिचं कूळच वेगळं आहे, मुंडा कूळ, ती झारखंडच्या संथाली-मुंडारीची नातलग. माझ्या बाकावर एक कोरकू मुलगी बसायची. नाव सांगत नाही. एकदा उन्हाळ्यात, भर वर्गात, ती उठून बाईंना म्हणाली, "डा". बाईंना कळलं नाही. ती परत म्हणाली. बाई म्हणाल्या, "नीट मराठीत बोल, डा-डा काय करतेस?" वर्ग हसला. ती खाली बसली.

'डा' म्हणजे कोरकूत पाणी. तिला पाणी प्यायचं होतं.

मी पण हसले होते. हे कबूल करायचं होतं. त्यानंतर ती वर्गात फारशी बोललीच नाही, आणि पाचवीच्या आत शाळा सुटली तिची. आम्ही सगळे म्हणायचो, ती मुलं अबोलच असतात. जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली तीच मुलं किती बोलायची, ते आम्हाला दिसत होतं. पण त्याचा अर्थ आम्हाला लागला नाही.

बाईंनाही मी फार दोष देत नाही. त्यांना कुणी कोरकूचा एक शब्द शिकवलाच नव्हता. १८९६ सारखा कायदाही आपल्याकडे नाही. उलट आपल्या राज्यघटनेचं कलम ३५०-अ सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी सोय करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही म्हणतो, शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं. सगळी गंमत त्या 'शक्य तिथवर'मध्ये आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सात लाखांहून जास्त लोक होते, गोंडी सांगणारे एकोणतीस लाखांहून जास्त. आठव्या अनुसूचीत दोघींनाही जागा नाही.

हवाईत २०१० च्या दशकात घरी हवाई बोलणारे लोक मोजले, ते अठरा हजारांच्या पुढे होते. कोरकू बोलणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणजे आपल्याला मेलेलं काही जिवंत करायचं नाहीये. जिवंत भाषा घेऊन मूल रोज शाळेत येतंय. त्याला फाटकाबाहेर ती उतरवून ठेवायला सांगायचं नाही, एवढंच.

मराठी माणूस म्हणून आपण इंग्रजीच्या नावाने बोटं मोडतो, आणि मोडावीत. पण मेळघाटातल्या त्या वर्गात इंग्रजीच्या जागी कोण होतं? मराठी होती. आपण होतो.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या घरात, वाडीत, पाड्यावर कुणी अशी भाषा बोलणारं असेल, कोरकू, गोंडी, भिली, वारली, कातकरी, किंवा तुमच्या आजीची अशी बोली जी तुम्हाला धड येत नाही, तर फोनमधलं रेकॉर्डर उघडा. परवानगी घ्या, आणि विचारा, वाऱ्याला काय म्हणता, मासे कसे धरायचात, पहिल्यांदा शाळेत गेलात तेव्हा काय झालं. अर्धा तास बोलू द्या. मधे बोलू नका, हे मी स्वतःलाही सांगतेय. ती फाईल तुमच्या फोनवर पडून राहील. तिचा काय उपयोग, ते आज कळणार नाही. १९७२ मध्ये त्या रेडिओवाल्यालाही कळलं नसेल.

आणि शिक्षक कुणी ऐकत असाल, तर फक्त एक करा. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते उद्या त्यांना विचारा.

भेटूया पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत, अलोहा... नाही, आज 'डा' म्हणूया. उन्हाळा आहे, पाणी पीत राहा.